शालूच्या पुढचा धडा

मोसंबीच्या खालच्या ओळी तोडायच्या हे रामप्रसादनं वैशाखातच ठरवलं होतं, पण कुऱ्हाड उचलायला त्याला ज्येष्ठ उजाडला. विहिरीनं तळ दाखवला होता. टँकरच्या पाण्यावर वरच्या अंगाची झाडं कशीबशी जगत होती. खालची उभ्या उभ्या वाळली होती. पानं गळालेली, फांद्यांना सुपारीएवढी काळपट फळं तशीच लटकलेली. रामप्रसाद बुंध्याशी घाव घालायचा आणि त्याची बायको दैवशाला पडलेल्या फांद्या ओढत बांधाला न्यायची. मोसंबीचे काटे वाळले की जास्तच टोचतात. दुपारपर्यंत तिच्या हातांवर रेघाच रेघा उठल्या. झाड पडलं की रामप्रसाद जरा वेळ खोडाकडं बघायचा, तळहातावर थुंकायचा आणि पुढच्या झाडाकडं सरकायचा.

दैवशाला गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविकाबाई दिवाळीला निवृत्त होणार होत्या. मागच्या आठवड्यात अंबडहून सुपरवायझर आल्या तेव्हा खिचडीची चव घेता घेता म्हणाल्या होत्या, "तू बारावी पास असतीस ना, तर तुझंच नाव लागलं असतं. आता बाहेरची येईल."

संध्याकाळी रामप्रसाद दगडावर पाय घासत होता तेव्हा तिनं विषय काढला.

"मी बारावीचा पेपर द्यावा म्हणते."

"कोन्ता पेपर?"

"गणिताचा. बाकीचे सुटले व्हते. तेवढा एकच राह्यलाय."

रामप्रसादनं तांब्या खाली ठेवला. "रूपाली जालन्यात नर्सिंगला, अन् तिची आई बारावीला. लोक हसतील."

"हसू द्या."

बाजेवर सासू साळूबाई पाय लांबवून बसली होती. तिचे गुडघे धरले होते, पण कान शाबूत होते. "पास झाली तर सेविका व्हईल ना ती? मंग देऊ दे की पेपर. बाग तर चालली."

बागेचं नाव निघालं तसं रामप्रसादनं तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी पायावर ओतलं.

पेपर माहेरच्या कॉलेजातून राहिला होता, म्हणून फॉर्मही तिथंच भरायचा होता. माहेर भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याला. अंबडहून जालना आणि तिथून भोकरदनची एसटी. आई-बाप गेल्यापासून आणि भाऊ पुण्याला राहायला गेल्यापासून दैवशाला तिकडं फिरकलीच नव्हती. कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "मुलीला आणलं न्हाई का सोबत? सही लागते तिची." फॉर्म माझाच आहे म्हटल्यावर त्यानं मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं आणि मागच्या टेबलावरच्या माणसालाही बघायला लावलं. पण फॉर्म भरून घेतला. जुनं पुस्तक चालणार नाही, नवं घ्या, एवढं बजावलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. पाय आपोआप वरच्या आळीकडं वळले. तिथं कौसल्यामावशीचं घर होतं. शालूची आई.

शालू आणि दैवशाला पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. बारावीत सहामाहीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी शालू विहिरीवर पाण्याला गेली आणि विहिरीतच गेली. काठ ढासळलेला होता. पावसानं दगा दिलेलं वर्ष, पाणी खोल गेलेलं. दैवशालानं पुढं बोर्डाची परीक्षा दिली. बाकीचे पेपर लिहिले, पण गणिताच्या पेपरात ती नुसतीच बसून राहिली. निकालाच्या आधीच लग्न ठरलं होतं.

कौसल्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. केस पार पांढरे झाले होते. तिनं ओळखायला वेळ लावला नाही.

"दैवशाला न्हवं तू? बस. कुणीकडं आल्ती?"

"कॉलेजात आल्ते, मावशी. गणिताचा पेपर द्यायचाय मला. राह्यला व्हता ना."

कौसल्याचा हात सुपात थांबला. मग तिनं सूप उचललं आणि उठली.

"त्याचं नाव काढू नको माझ्या दारात. त्याच्या भ्यानंच उडी टाकली माझ्या लेकीनं."

"उडी?"

"सारं गाव म्हणत व्हतं. तिचा बाप त्याच घोरानं गेला. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

दैवशालाला माहीत नव्हतं. तेराव्यानंतर तिच्या आईनं तिला वरच्या आळीला जाऊ दिलं नव्हतं, आणि तिच्यापुढं कुणी तसं बोललंही नव्हतं. ती काही म्हणायच्या आत कौसल्या आत गेली आणि कडी लागली. दैवशाला थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिली. आतून सूप आपटल्याचा आवाज येत होता. मग ती स्टँडवर आली. गाडीत तिला बसायला जागा मिळाली, पण जालना येईपर्यंत ती कुठल्या गाडीत आहे याचं भान तिला नव्हतं.

गावात कमरोद्दीनची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागच्या खोलीत त्याची लेक महजबीन शिकवणी घ्यायची. महजबीन बीएस्सी झालेली. तिला दैवशालानं परकर-पोलक्यात बघितलेलं. पोरं तिला मॅडम म्हणत, म्हणून दैवशालाही मॅडम म्हणायला लागली. महजबीनला ते अवघड वाटायचं.

"ताई, तुम्ही नका ना मॅडम म्हणू."

"पोरांच्या देखत बराबर दिसत न्हाई. शिकवून राह्यल्या ना तुम्ही."

ती सगळ्यात मागं, पोत्यांना टेकून बसायची. पुढची पोरं वळून वळून बघायची. गिरणी सुरू झाली की खोलीची भिंत थरथरायची, वह्यांवर पीठ बसायचं आणि महजबीनचं बोलणं अर्धंच ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मॅट्रिक्सचा धडा होता. तीन समीकरणं, तीन अज्ञात. आकडे चौकोनात मांडायचे, कोपऱ्यात एक आणायचा, त्याच्या खालचे शून्य करायचे. दैवशालाचा हात लिहीत होता, पण तो आपला नसल्यासारखा तिला वाटत होता. पोरं गेल्यावर ती मागं थांबली.

"मॅडम, एक विचारू? असं करता करता आख्खी एक ओळ शून्य आली तर? समदे शून्य. बरोबरच्या पलीकडंबी शून्य."

"आपण चुकलो असं वाटतं ना तेव्हा?"

"व्हय."

"चुकलेलो नसतो, ताई. समीकरणं तीन दिसतात, पण त्यातलं एक बाकीच्या दोन्हींतूनच निघालेलं असतं. नवीन काहीच सांगत नाही ते. मग उत्तर एकच नाही येत. कितीही येतात."

दैवशाला पोत्याला टेकली. बारावीतल्या त्या पेपरच्या सकाळी कौसल्याच्या ओट्यावर तिची आख्खी ओळ शून्य आली होती. ती रडकुंडीला आली होती आणि शालूनं वही ओढून घेऊन बघितली होती. "चुकली न्हाईस तू. असंबी येतंय. थांब, एवढी घागर आणते, मंग सांगते काहून ते." मग घागर उचलून ती गेली होती.

"हेच सांगणार व्हते मी," शालू म्हणाली.

आवाज डाव्या बाजूनं आला. बाकावर शालू नेहमी डावीकडं बसायची. दैवशालानं मान वळवली नाही. महजबीन फळा पुसत होती. बाहेर कमरोद्दीन कुणाशी तरी दळणावरून हुज्जत घालत होता. दैवशालाच्या पाठीवरून घाम ओघळला आणि कमरेशी थंड झाला.

त्यानंतर शालू यायला लागली. रात्री नाही, एकटी असतानाच असंही नाही. खिचडी ढवळताना, शेण भरताना, रूपालीशी फोनवर बोलतानासुद्धा. दिसायची नाही. आवाज मात्र तोच, सर्दी झाल्यासारखा जरासा भरलेला. दुपारी पोरं घरी गेली की दैवशाला अंगणवाडीच्या फरशीवर खडूनं गणित मांडायची आणि शालू बोलायची. "आधी कोपरा. कोपऱ्यात एक आण." "आता दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट काढ." "घाई नको करू, वजाचं चिन्ह खाल्लंस." पहिल्या दिवसांत दैवशाला आवाज आला की खडू टाकून बाहेर उन्हात जाऊन उभी राहायची. मग तिला भीती वाटेनाशी झाली. चिन्ह खाल्लेलं असायचं आणि शालूच बरोबर असायची, तिथं काय भ्यायचं. व्हेक्टर झाले, रेषांच्या जोड्या झाल्या. महजबीन म्हणाली, "ताई, तुमचं अल्जेब्रा तर मस्त आहे. कोण शिकवून राह्यलं घरी?"

मृगात थोडा पाऊस झाला. मोसंबी तोडलेल्या रानात रामप्रसादनं सरकी लावली. ती उगवली, चार पानांवर आली आणि पाऊस गेला तो गेलाच. आभाळ रोज भरून यायचं आणि वाऱ्याबरोबर गोदावरीच्या अंगाला निघून जायचं. रामप्रसाद करपलेलं रोप उपटून मुळी बोटात चुरायचा. "दुबार लागणार," एवढंच म्हणायचा.

शिकवणीत त्याच दिवसांत डेरिव्हेटिव्हचा धडा लागला. महजबीननं स्कूटीचा दाखला दिला. इथून अंबडला जायला किती वेळ लागला, त्यावरून काढलेला वेग हा सगळ्या रस्त्याचा. पण वाटेत एखाद्या क्षणी काटा कितीवर होता, ते वेगळं. त्या एका क्षणाचं गणित म्हणजे डेरिव्हेटिव्ह.

दुसऱ्या दिवशी दैवशाला वरच्या बागेत झाडांची आळी खुरपत होती. ती मनात सूत्रं घोळवत होती आणि शालू काही बोलत नव्हती. डाव्या अंगाला ती होती, एवढं दैवशालाला जाणवत होतं. दोन आळी झाली, तिसरं झालं.

"काहून गप हायेस?"

"हे मला येत न्हाई," शालू म्हणाली.

दैवशालाचं खुरपं थांबलं.

"अकरावीला ह्या धड्यापत्तोर पोचलोच न्हाई आपण. बारावीत दिवाळीनंतर व्हता तो," शालू म्हणाली. मग जरा थांबून, "तू शिकली का नंतर?"

"शिकवला व्हता सरांनी. माझं ध्यान नव्हतं."

"मंग सांग की मला."

दैवशालाच्या डोळ्यांत उन्हामुळं पाणी आलं की कशामुळं, तिचं तिलाच कळलं नाही. तिचं वय चाळिशीला टेकलं होतं. कानामागं केस पांढरे झाले होते. आणि शालू अजून बारावीतच होती, दिवाळीच्या अलीकडं. इतके दिवस ही आपल्याला शिकवत होती, आणि आता पुढचा धडा तिला माहीत नव्हता.

"आपली विहीर धर," दैवशाला हळू म्हणाली. "मोटर चालू केली. सकाळपासून पाणी किती उतरलं ते येगळं. अन् आत्ता, ह्या घडीला, किती जोरानं उतरून राह्यलंय ते येगळं. हे दुसरं काढायचं."

"घडी म्हंजी केवढी? मिनिट?"

"त्याच्यापरीस बारीक."

"सेकंद?"

"त्याच्यापरीसबी. बारीक करत करत न्यायची. शून्य न्हाई करायची, पण शून्याच्या लई जवळ."

"छान हाय," शालू म्हणाली. पूर्वी एखादं गणित आवडलं की असंच म्हणायची.

बांधावरून रामप्रसाद बघत होता. बायको झाडाशी बोलते आहे, एवढंच त्याला दिसलं. त्यानं घरी येऊन आईला सांगितलं. साळूबाईनं दोन दिवस सुनेवर नजर ठेवली, मग एका शुक्रवारी शेजारणीकडून मंतरलेला काळा दोरा आणवला आणि दैवशालाच्या दंडावर बांधला.

"कोण असतंय गं तुझ्यासंगं?"

खोटं बोलावं असं दैवशालाला वाटलं नाही. "मैत्रीण. माहेरची. बारावीत असताना वारली."

साळूबाईनं दोऱ्याची गाठ घट्ट केली. "तिचं काही तरी राह्यलेलं असंल. ते पुरं झाल्याबिगर न्हाई जात. कशात गुंतली ती?"

"ह्या पेपरातच."

"मंग देऊन टाक पेपर. झाला की सोडंल ती."

दैवशालानं मान हलवली. पेपर झाला की ती सोडेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोडावं असं तिला वाटत नव्हतं.

डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांचा धडा लागला तेव्हा महजबीननं पोरांना घरी करायला एक गणित दिलं. विहिरीत दगड सोडला. टी सेकंदांत तो टी-वर्गाच्या चार पूर्णांक नऊ दशांश पट मीटर खाली जातो. पाणी एकोणीस पूर्णांक सहा दशांश मीटरवर आहे. पाण्याला लागताना दगडाचा वेग किती? बाकीची पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. दैवशालानं वही मिटली आणि ती पीठ उडणाऱ्या दारातून बाहेर पडली. महजबीन मागं आली.

"काय झालं, ताई? अवघड नाही ते. नको असेल तर सोडून द्या. दुसरे आहेत भरपूर."

"न्हाई, करते मी. घरी करते."

ती घरी गेली नाही, रानात गेली. करपलेल्या सरकीच्या ओळीत उकिडवी बसली. शालू होती.

"सोडव की," शालू म्हणाली.

"नको."

"सोडव. मलाबी कळू दे."

केदारखेड्याची ती विहीर साठ-पासष्ट फुटांचीच होती. दैवशालानं वाळक्या काटकीनं मातीत मांडणी केली. एकोणीस पूर्णांक सहाला चार पूर्णांक नऊनं भागलं. चार आले. चाराचं वर्गमूळ दोन.

"किती आलं?"

"दोन."

"दोन काय?"

"सेकंद."

वारा पडला होता. मोसंबीच्या तोडलेल्या खोडांवर मुंगळे फिरत होते.

"मला लई येळ वाटला व्हता," शालू म्हणाली.

दैवशाला तिथंच मातीत बसली. मग तिनं डेरिव्हेटिव्ह घेतलं, टीच्या जागी दोन घातला, वेग काढला. गणित अर्ध्यावर टाकून उठायचं नाही ही शालूचीच सवय होती. उत्तर आलं तसं तिनं पायानं माती सारखी केली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी तिनं तव्यावरच करपू दिली. साळूबाईनं विचारलं, "ताप हाय का?" ती नाही म्हणाली.

पाऊस आला तो पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी. दोन तास चांगला पडला. ढेकळं विरघळली, ओल हातभर खाली गेली. रामप्रसाद भिजत घरी आला. त्याच्या तोंडावर हसू होतं; कैक दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"उद्या सकाळी जल्दी निघायचं. दोन दिवसांत सरकी आटपली पाहिजे, न्हाई तर ओल उडंल. बाया भेटत न्हाईत, गावभर पेरणी हाय."

"उद्या पेपर हाय माझा. आज दुपारीच निघावं लागंल."

रामप्रसादनं डोक्याचा टॉवेल काढून पिळला. पाणी पायावर पडत राहिलं. "पेरणी थांबत न्हाई, दैवशाला. पेपर पुढच्या खेपेला येतो परत."

"पुढच्या खेपेपत्तोर सेविकाबाई निवृत्त झालेल्या असतील."

"मंग मी एकट्यानं लावू का? काकऱ्या पाडू का बी टाकू?"

तेवढ्यात साळूबाई बाजेवरून उठली. कुडाला धरत धरत कोपऱ्यापर्यंत गेली आणि सरकीची पिशवी ओढून तिनं गाठ सोडून बघितली.

"मी टाकते बी. तू काकऱ्या पाड."

"आई, तुझ्यानं बसवत न्हाई खाली."

"बसून कोण टाकतंय. वाकून टाकते. वाकलेलीच हाय मी." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "तू जा. अन् एकटीच परत ये."

रात्री दैवशाला जालन्यात रूपालीच्या खोलीवर राहिली. लेकीनं आईची वेणी घातली, पाण्याची बाटली भरून दिली आणि सकाळच्या पहिल्या गाडीत बसवून दिली. कॉलेजच्या फाटकावर शिपायानं हात आडवा केला. "पालक बाहेर थांबा." हॉलतिकीट दाखवल्यावर त्यानं फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं, परत फोटो बघितला. बाकावर शेजारी एक पोरगी होती, दैवशालाच्या लेकीपेक्षा लहान. "काकू, तुम्हीपण गणितातच राह्यल्या?" तिनं विचारलं. दैवशाला म्हणाली, "व्हय, तुझ्यासारखीच."

पेपर हातात आला. पहिलं गणित मॅट्रिक्सचं होतं. तिनं कोपऱ्यात एक आणला आणि थांबली. शालू आता चिन्हाचं काही तरी म्हणेल. डावीकडं खिडकी होती, खिडकीबाहेर ओलं मैदान होतं. कुणी काही म्हणालं नाही. तिनं स्वतःच चिन्हं तपासली. एक खाल्लेलं सापडलं, ते दुरुस्त केलं. व्हेक्टरचं सोडवून झाल्यावर परत थांबली. डेरिव्हेटिव्हच्या प्रश्नापाशी तर तिनं पेन खालीच ठेवलं, इथं तरी शालू विचारील म्हणून. पर्यवेक्षक बाजूनं गेले. त्यांच्या चपलांचा चिखल फरशीवर उमटत गेला. वर्गात पंख्याची घरघर आणि कागदांची सळसळ, एवढंच होतं. दैवशालानं पेन उचललं आणि लिहायला घेतलं. इंटिग्रेशनचं एक जमलं नाही, एक अर्धं राहिलं. बाकीचं सगळं तिनं लिहिलं, एकटीनं.

निकाल पुढं महिन्यानं लागला आणि ती पास झाली. दिवाळीनंतर अंगणवाडीच्या पाटीखालच्या खुर्चीत तीच बसली. दुबार लावलेली सरकीही बऱ्यापैकी आली, साळूबाईनं टाकलेल्या ओळी जरा वाकड्या होत्या एवढंच. पण त्या दिवशी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडताना दैवशालाला यातलं काही माहीत नव्हतं. घरातलं माणूस पोचवून परत निघालेल्या बाईसारखे तिचे पाय जड झाले होते. ती स्टँडकडं न जाता वरच्या आळीला गेली.

कौसल्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दैवशाला आली तशी तिनं मान वर केली, पण उठली नाही.

"मावशी, मी बसत न्हाई. एवढंच सांगायला आले. शालूनं उडी न्हाई टाकली."

कौसल्याच्या बोटात शेंग तशीच राहिली.

"मी हितंच बसले व्हते त्या दिवशी, ह्या ओट्यावर. माझं गणित अडलं व्हतं. ती म्हणली, घागर आणते, मंग सांगते. गणिताचं भ्या मला व्हतं, मावशी. तिला नव्हतं. तिला आवडत व्हतं ते. माघारी येऊन सांगायचं व्हतं तिला."

कौसल्यानं शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला टाकली. आणखी एक फोडली. तिसरी हातात घेतली आणि न फोडताच परत ठेवली.

"मंग सांगते म्हणली?"

"व्हय."

"अजून काय म्हणली?"

"चुकली न्हाईस तू, असं म्हणली. बाकी काही न्हाई."

कौसल्यानं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारची जागा हातानं झाडली. दैवशाला बसली. आळीत ओल्या मातीचा वास होता. कुणाच्या तरी घरी फोडणी पडली होती. बराच वेळ दोघी शेंगा फोडत राहिल्या.

"एक इचारू?" कौसल्या म्हणाली. "शिकलेली हायेस म्हणून इचारते. खाली जायाला लई वेळ लागला असंल का गं तिला? मला तेच येतंय डोळ्यापुढं. जातीच हाय, जातीच हाय."

रानात शालू काय म्हणाली होती ते दैवशालाला आठवलं. ते तिनं आत ठेवलं.

"दोन सेकंद, मावशी. काढलंय मी. दोनच."

"दोन म्हंजी?"

दैवशालानं टाळी वाजवल्यासारखे दोन हात एकदा टेकवले, सोडले, परत टेकवले. "एवढंच."

कौसल्यानं तिच्या हातांकडं बघितलं. मग आपले हात तसेच टेकवून बघितले. "एवढंच," ती म्हणाली.

दुपारची गाडी आली आणि गेली. तिचा हॉर्न ओट्यापर्यंत ऐकू आला. दैवशाला उठली नाही.

"तुझ्याकडंबी येती व्हय ती?" कौसल्यानं एकदम विचारलं.

दैवशालानं मान हलवली. "येत व्हती. आज न्हाई आली."

"माझ्याकडं रोज येती. त्या दारात उभी ऱ्हाती, वलीचिंब. बोलत न्हाई." कौसल्याचा आवाज पडला. "तुझ्याशी बोलती का?"

"बोलती."

"काय बोलती?"

"गणितंच. दुसरं काही न्हाई."

"माझ्याबद्दल काही?"

खोटं बोलणं सोपं होतं. दैवशालाला ते जमलं नाही. "न्हाई, मावशी. नुसती गणितं."

कौसल्यानं सूप मांडीवरून खाली ठेवलं. सरकून दैवशालाकडं तोंड करून बसली. तिच्या सुरकुतलेल्या कपाळावर टरफलांची धूळ चिकटली होती. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती.

"मंग मला एखादं शिकीव," ती म्हणाली. "लई सोपं असंल ते. म्हंजी माझ्याशीबी बोलंल ती."

दैवशालानं सुपातले मूठभर दाणे घेतले. थोडे एका बाजूला मांडले, थोडे दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक न फोडलेली शेंग ठेवली.

"हिच्यात किती दाणे हायेत ते आपल्याला म्हाईत न्हाई. फोडायची न्हाई. बाकीच्यावरून काढायचं. तवर तिला एक नाव द्यायचं."

"कोन्तं नाव?"

"कोन्तंबी चालतं."

कौसल्या शेंगेकडं बघत राहिली. "एक्स म्हणायची ती," ती म्हणाली. "भाकरी थापता थापताबी एक्स, एक्स करायची. मी शिव्या द्यायची." तिनं शेंगेला बोट लावलं, सरळ केली. "एक्सच राहू दे. पुढं सांग."